चित्रफीत इथे चालते, तिथे का चालत नाही?

शाळेतल्या संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. बेडकाची वाढ दाखवणारी छोटी चित्रफीत एखाद्या सहकाऱ्याने फोनवर टिपलेली असते. फोनवर ती छान चालते. पेन ड्राइव्हमधून शाळेच्या संगणकावर आणली की मात्र पडदा काळा. कधी आवाज येतो पण चित्र दिसत नाही, कधी चित्र दिसते पण आवाज नाही, तर कधी ‘फाईल उघडता येत नाही’ एवढाच निरोप मिळतो. मग कोणी म्हणते फाईल बिघडली, कोणी म्हणते व्हायरस आला, आणि कोणी फाईलच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, बदलून पाहते.

अशा वेळी फाईल बहुधा धडधाकट असते. ती ज्या रीतीने लिहिली आहे ती रीत वाचणाऱ्या संगणकाला माहीत नसते, एवढेच. ही रीत म्हणजे काय, ती का लागते आणि ती सगळीकडे सारखी का नाही, हे या लेखात पाहू या. पाचवी-सहावीच्या पलीकडचे गणित लागणार नाही.

एका सेकंदात किती आकडे?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आजच्या साध्या फोनवर घेतलेल्या चित्रफितीत एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला लाल, हिरवा आणि निळा यांची प्रमाणे देणारे तीन आकडे लागतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी एक, म्हणजे एक बाइट. असे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट झाले.

चित्र हलते आहे असे वाटण्यासाठी सेकंदाला २५ चित्रे लागतात असे धरू. मग एका सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट हवेत. या हिशेबाने १६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह पावणेदोन मिनिटांच्या आत भरून जाईल आणि ३५ मिनिटांची एक तासिका टिपायला असे वीसहून अधिक पेन ड्राइव्ह लागतील. आवाज अजून धरलेलाच नाही.

प्रत्यक्षात फोनवरची एका मिनिटाची चित्रफीत साधारण शंभरेक मेगाबाइटची असते. वरच्या हिशेबाने ती सुमारे ९,३०० मेगाबाइटची व्हायला हवी होती. म्हणजे फोनने ती नव्वदपटीहून अधिक आवळली. हे आवळणे कसे होते, हे समजले की न चालणाऱ्या फाईलचे निम्मे कोडे सुटते.

चौकोनांचा खेळ

हा खेळ वर्गात जरूर करून पाहा. खडू-फळा आणि चौकटींचा कागद एवढेच साहित्य लागते.

कागदावर आडवे पाच आणि उभे पाच असे पंचवीस चौकोन आखा. मधला उभा स्तंभ काळा करा. झाले आपले चित्र: पांढऱ्यावर एक काळी उभी रेघ. आता हे चित्र न दाखवता दुसऱ्या गटाला फक्त आकड्यांनी कळवायचे आहे. सलग किती चौकोन पांढरे, मग सलग किती काळे, पुन्हा किती पांढरे, असे सांगत जायचे.

डावीकडून उजवीकडे ओळी वाचत गेलो तर आकडे येतात: २, १, ४, १, ४, १, ४, १, ४, १, २. एकूण अकरा आकडे. त्याऐवजी वरून खाली स्तंभ वाचत गेलो तर येतात फक्त तीनच: १०, ५, १०. पंचवीस चौकोनांचे चित्र तीन आकड्यांत मावले! चित्राला साजेशी रीत निवडली तर आकडे किती वाचतात, हे मुलांना चटकन दिसते.

आता गंमत पुढेच आहे. हे तीन आकडे दुसऱ्या गटाला द्या, पण वाचायचे कसे ते सांगू नका. मुले सवयीने ओळींनी चौकोन भरतील आणि त्यांच्या कागदावर उभ्याऐवजी आडवी रेघ उमटेल. एखाद्याने पहिला आकडा काळ्याचा धरला तर काळ्या कागदावर पांढरी रेघ येईल. आकडे अचूक पोचले, लिहिणाऱ्याने चूक केली नाही, भरणाऱ्यानेही केली नाही. तरी चित्र निराळे झाले. कारण आकडे कसे वाचायचे हे आकड्यांत कुठेच लिहिलेले नव्हते.

चित्र आकड्यांत आवळण्याच्या आणि आकड्यांतून ते पुन्हा उलगडण्याच्या अशा रीतीला संगणकाच्या जगात ‘कोडेक’ म्हणतात. चित्राचा कोडेक वेगळा, आवाजाचा वेगळा. संगणकाकडे आवाजाचा कोडेक असेल आणि चित्राचा नसेल, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. उलट असेल तर मुकी चित्रफीत दिसते.

खरे कोडेक काय करतात?

खरे कोडेक आपल्या खेळापेक्षा बरेच हुशार असतात. ते मुख्यतः दोन गोष्टींचा फायदा घेतात.

पहिली गोष्ट एकाच चित्राच्या आतली. आकाशाचा निळा ठिपका घेतला तर त्याच्या शेजारचा बहुधा तसाच निळा असतो. म्हणून चित्राचे लहान लहान चौरस पाडतात, उदाहरणार्थ ८ गुणिले ८ ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याचा आकडा देण्याऐवजी ‘सपाट छटा किती, हळूहळू बदलणारी छटा किती, बारीक बुट्ट्यांसारखी नक्षी किती’ अशी नमुन्यांची प्रमाणे देतात. बारीक नक्षीतला थोडा फरक डोळ्याला जाणवत नाही, तेव्हा ती प्रमाणे ढोबळ ठेवली किंवा गाळली तरी चालते. यामागचे गणित बंगळुरात जन्मलेल्या नासीर अहमद यांनी अमेरिकेतील कान्सास स्टेट विद्यापीठात असताना मांडले. १९७२ साली या कामासाठी त्यांनी मागितलेले अनुदान नामंजूर झाले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवरची छायाचित्रे आणि बहुतेक चित्रफिती आजही हेच गणित किंवा त्याची सोपी रूपे वापरून आवळल्या जातात.

दुसरी गोष्ट एकामागून एक येणाऱ्या चित्रांची. शिक्षक फळ्यासमोर बोलत आहेत. भिंत, फळा, टेबल जागच्या जागी आहेत आणि हलतो आहे तो फक्त हात. मग प्रत्येक वेळी भिंतीचे वर्णन कशाला? मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचे आणि त्यानंतर फक्त ‘काय बदलले’ तेवढे लिहायचे. नक्कल करताना फाईलचा काही भाग गहाळ झाला तर चित्र मध्येच चौकोन चौकोन पसरल्यासारखे का दिसते, याचे कारण इथे सापडते. बदलांची यादी हाती असते, पण ज्या चित्रात ते बदल करायचे तेच हरवलेले असते. पुढचे पूर्ण चित्र आले की सगळे पुन्हा जागेवर येते.

श्रीखंडाच्या डब्यात मोहरी

आता फाईलच्या नावाच्या शेपटाकडे वळू. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही ही नावे आपण ऐकलेली असतात आणि हेच चित्रफितीचे प्रकार आहेत असे समजतो. पण ही नावे डब्यांची आहेत. आपल्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मोहरी असते, तसेच इथेही डब्यावरून आतला पदार्थ ओळखता येत नाही. एमपी४ डब्यात २००३ साली मान्य झालेला एच.२६४ कोडेक असू शकतो, २०१३ सालचा एच.२६५ असू शकतो किंवा २०१८ सालचा एव्ही१ही असू शकतो. म्हणूनच एक एमपी४ फाईल चालते आणि दुसरी चालत नाही. अनेक नवे फोन जागा वाचावी म्हणून एच.२६५ वापरतात, आणि शाळेतल्या जुन्या संगणकाला तो ठाऊक नसतो.

डब्याचे काम काय? चित्राचे तुकडे आणि आवाजाचे तुकडे एकाआड एक रचणे, कोणता तुकडा कोणत्या क्षणी दाखवायचा ते लिहिणे, आणि आत कोणते कोडेक आहेत याची नोंद ठेवणे. या नोंदींना आपण अनुक्रमणिका म्हणू. बऱ्याचदा एमपी४ मधली अनुक्रमणिका चित्रण संपल्यावर फाईलच्या शेवटी लिहिली जाते. चित्रण चालू असताना फोनची बॅटरी संपली तर सगळी चित्रे फाईलमध्ये असूनही ती उघडत नाही, ते यामुळेच.

डब्याची ओळख पटवण्याचा एक सोपा प्रयोग आहे. अगदी लहान चित्रफितीची नक्कल करून घ्या आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक मजकूर अगम्य दिसेल. पण एव्हीआय फाईल असेल तर सुरुवातीलाच आर, आय, एफ, एफ ही चार इंग्रजी अक्षरे दिसतील. एमपी४ असेल तर पाचव्या ते आठव्या जागेवर एफ, टी, वाय, पी ही अक्षरे सापडतील. फाईल तशीच बंद करा. जतन करू नका. आता नक्कलेचे शेपूट बदला आणि पुन्हा उघडून पाहा. आतली अक्षरे होती तशीच असतील. शेपूट बदलणे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणे. आतल्या पदार्थाला त्याने काहीच होत नाही.

त्रेपन्न की पस्तीस?

फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना आणखी एक अडचण येत असे. ती मराठी मुलांना समजावणे फार सोपे आहे. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा आधी तीन येतात आणि मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ लिहितो, मग ३. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५३ ऐवजी ३५ लिहून बसते. इंग्रजीत पन्नास आधी आणि तीन नंतर बोलतात, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

संगणकांतही असे दोन पंथ होते. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच संख्या मावते. २५८ लिहायची तर दोन बाइट लागतात: १ आणि २, म्हणजे १ गुणिले २५६ अधिक २. मोटोरोलाचा प्रोसेसर असलेला जुना मॅकिंटॉश मोठा भाग आधी ठेवी, इंटेलचा प्रोसेसर लहान भाग आधी ठेवी. एकाने ठेवलेले १, २ दुसऱ्याने आपल्या सवयीने वाचले तर संख्या होते २ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ५१३.

यातून सुटका कशी झाली? अ‍ॅपलच्या डब्यात मोठा भाग आधी आणि मायक्रोसॉफ्टच्या एव्हीआय डब्यात लहान भाग आधी, असा नियम फाईलसाठी ठरलेला आहे. वाचणारा संगणक कोणत्याही पंथाचा असो, त्याने फाईलचा नियम पाळायचा आणि गरज पडली तर बाइट उलटे करून घ्यायचे. आज आपल्या फोनमधले आणि संगणकांतले प्रोसेसर जवळजवळ सगळे लहान भाग आधी ठेवणारे आहेत. तरी अ‍ॅपलच्या डब्यावरून घडलेल्या एमपी४ मध्ये अजून मोठा भाग आधी असतो, आणि कुठे काही अडत नाही. फाईलचा नियम यंत्राच्या सवयीपासून वेगळा ठेवला आणि तो सर्वांना कळेल असा लिहून ठेवला, की यंत्रे कितीही बदलोत, फाईल वाचता येते.

करार कसे झाले, कुठे अडले

हा नियम लिहून ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. अ‍ॅपलने डिसेंबर १९९१ मध्ये क्विकटाइम आणले, मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये एव्हीआय. दोघांचे डबे निराळे आणि त्यांत भरायचे कोडेकही निरनिराळ्या कंपन्यांचे. दरम्यान १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेच्या छत्राखाली एमपीईजी हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमाण १९९३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या व्हीसीडी त्याच प्रमाणावर चालत. कोणत्याही कंपनीची व्हीसीडी दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चाले, ते या करारामुळे. १९९८ साली याच गटाने आपल्या नव्या डब्यासाठी अ‍ॅपलच्या क्विकटाइमची रचना पाया म्हणून घेतली आणि त्यातून एमपी४ तयार झाला.

मग आजही सगळे सुरळीत का नाही? एक कारण पैशाचे. कोडेकमधल्या अनेक युक्त्यांवर पेटंटे असतात. प्रमाण सर्वांना वाचायला मिळते, पण ते वापरणारे यंत्र किंवा प्रोग्रॅम विकायचा तर पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागते. म्हणून काही संगणकांवर एच.२६५ आधीपासून नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. २००९ साली वेबपानांच्या एचटीएमएल ५ या प्रमाणात चित्रफितीसाठी एकच कोडेक ठरवण्याचा प्रयत्न झाला. काहींना शुल्क नको होते, तर काहींचा विनाशुल्क कोडेकवर विश्वास नव्हता. शेवटी कोणत्याच कोडेकचे नाव न घालता प्रमाण पुढे गेले. २०१८ साली आलेला एव्ही१ हा अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन, शुल्क न आकारण्याच्या अटीवर बनवलेला कोडेक आहे. तो वाचण्याची सोय जुन्या संगणकांत मात्र नाही.

दुसऱ्या बाजूने स्वयंसेवकांनीही मोठे काम केले. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा विनामूल्य प्रोग्रॅम आला. फाब्रिस बेलार यांनी २००० साली एफएफएमपेग सुरू केला. यांच्याकडे शेकडो जुन्या-नव्या कोडेकांची उलगड असते, म्हणून संगणकाला न वाचता येणारी फाईलही ते बहुधा वाचतात.

शाळेत काय करावे?

फाईल चालली नाही तर आधी ती व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. तिथे ‘टूल्स’ या यादीत कोडेकची माहिती देणारी खिडकी असते. आत काय आहे ते कळले की उपाय ठरवता येतो.

कोडेक ओळखीचा आणि डबाच अडचणीचा असेल, तर एफएफएमपेगने आतला माल तसाच नव्या डब्यात ओतता येतो. काम काही सेकंदांचे आणि चित्र जसेच्या तसे राहते. कोडेकच अनोळखी असेल तर चित्रफीत उलगडून दुसऱ्या कोडेकने पुन्हा आवळावी लागते. त्यासाठी हँडब्रेक हा विनामूल्य प्रोग्रॅम सोपा आहे. सर्वांना दाखवायची नक्कल एमपी४ डब्यात, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज अशी केली तर ती जवळजवळ प्रत्येक फोनवर आणि संगणकावर चालते. मात्र प्रत्येक वेळी आवळताना थोडा तपशील गळतो आणि तो परत येत नाही. तेव्हा मूळ फाईल कधीही पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्रफीत म्हणून पाठवली की ती अशीच पुन्हा आवळली जाते. मूळ फाईल जशीच्या तशी हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

नऊशे वर्षे आणि सोळा वर्षे

हे सगळे एका तासिकेच्या सोयीपुरतेच आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकमाने गावोगावची नोंद झाली. ते ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याला नऊशे वर्षे होणार म्हणून बीबीसीने नवा प्रकल्प हाती घेतला आणि तो १९८६ साली पूर्ण झाला. हजारो शाळांतल्या मुलांनी आपल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रे जमवली. त्यांना चित्रफितींची जोड देऊन ते सारे लेसर तबकड्यांवर साठवले गेले. त्या वाचायला खास यंत्र आणि त्या काळचा बीबीसीचा संगणक लागे. सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांना जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून ती माहिती पुन्हा वाचती करावी लागली. राजाच्या कारकुनांचे लिखाण टिकले आणि मुलांनी जमवलेले हातचे जाता जाता राहिले.

आपल्या शाळांतही आज पुष्कळ काही टिपले जाते. गावातल्या वृद्धांच्या मुलाखती, बंद पडत चाललेल्या कारागिरीचे चित्रण, मुलांची नाटके आणि प्रयोग. पुढे हेच त्या गावाच्या इतिहासाचे साधन ठरेल. म्हणून आम्ही सुचवतो, की अशा प्रत्येक फाईलजवळ एक साधी मजकुराची फाईल ठेवावी. कधी, कुठे, कशावर टिपले, डबा कोणता, कोडेक कोणता, एवढे तिच्यात लिहावे. दोन नकला दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि दर दोन-तीन वर्षांनी त्या एखाद्या नव्या संगणकावर लावून पाहाव्यात.

वर्गात चौकोनांचा खेळ झाल्यावर मुलांना शेवटी एक प्रश्न जरूर विचारा. शंभर वर्षांनंतर कोणाला तरी आपली काळी उभी रेघ जशीच्या तशी काढता यावी, तर १०, ५, १० या तीन आकड्यांशेजारी आणखी काय काय लिहून ठेवावे लागेल? उत्तरे फळ्यावर लिहीत जा. यादी वाटते त्यापेक्षा लांब होते.